वेबाऊच्या प्रार्थनेतला खोकला

ही गोष्ट कुणाच्या बापाला पटायची नाही. जिच्या बाबतीत घडली त्या ओलांदिनालाच अर्धी पटत नाही, तिथं तुमची काय कथा! तरी सांगणारच. ताडीचं मडकं माझ्या बाजूला आहे, आणि ते तिकडं सरकायचं तर गोष्ट ऐकावी लागेल.

तर आमच्या वेबाऊच्या चर्चमध्ये 'हे आमच्या बापा' ही प्रार्थना अशी म्हणत, की तशी पृथ्वीच्या पाठीवर कुठं म्हणत नसतील. सुरुवात झकास. स्वर्ग झाला, राज्य झालं, रोजची भाकर मागून झाली, की सगळं चर्च थबकायचं आणि एकदम खोकायचं. बाया खोकायच्या, पुरुष खोकायचे, तान्ही पोरं आयांच्या कडेवर खोकायची. खोकून झालं की पुढच्या 'मोहात पाडू नको'पासून सगळे पुन्हा जोरात सुरू. मधली एक ओळ साफ गायब. आमचे जे अपराध करतात त्यांना आम्ही माफ करतो, तसं तूही आम्हाला माफ कर, असं जिथं म्हणायचं असतं नेमकी ती. ही फट इतकी पक्की झाली होती, की चर्चमागच्या अंगणातले कोंबडे त्या फटीत आरवायला शिकले. परगावाहून आणलेला कोंबडा पहिल्या रविवारी चुकायचा, पुढच्या रविवारी बरोबर ताल धरायचा.

फट पाडली होती ओलांदिनानं.

मिस्सेत, म्हणजे चर्चमधल्या उपासनेत, प्रार्थना उचलायचं काम तिचं. आमूंचा, म्हणजे पाद्रीबाबांचा आवाज जेमतेम पहिल्या बाकापर्यंत पोचायचा, त्यामागचं सगळं गाव ओलांदिनाच्या तोंडाकडं बघून चालायचं. आवाज म्हणजे काय सांगू! ती 'आमेन' म्हणाली की क्लारान नदीपल्याड चरणाऱ्या म्हशी माना खाली घालायच्या. गावात कुणी मेलं तर आधी ओलांदिनाला बोलावणं जायचं, मग शवपेटीवाल्याला. तिच्या आवाजाशिवाय पुरलेला माणूस वरपर्यंत पोचतो की नाही, याची आमच्याकडं खात्री कुणी देत नसे.

मग तो सप्टेंबर आला. इथं बसलेल्या म्हाताऱ्यांना कुठला ते सांगायला नको, आणि पोरांना त्यांच्या आयांनी सांगितलेलंच आहे. गावांनी स्वातंत्र्याला कौल दिला म्हणून घरं जळत होती. ट्रकमधून टोळी आली, तोंडाला फडकी बांधलेली, आणि त्यांनी ओलांदिनाच्या नवऱ्याला, सातुर्निनोला, अंगणातून उचललं. त्याच्या कमरेची दोरी ज्याच्या हातात होती त्यानंही तोंड बांधलं होतं. पण त्याच्या अंगातला सदरा ओलांदिनानं स्वतःच्या हातानं शिवलेला होता. तिच्या लेकीच्या, इदालिनाच्या, बाप्तिस्म्याला तिनं तो धर्मबापाला भेट दिला होता. धर्मबाप म्हणजे आगापितो, समोरच्या घरातला. लेकीला पाण्याशी धरून उभा राहिलेला माणूस बापाला दोरीनं बांधून नदीकडं घेऊन चालला होता. ओलांदिनाला दोघांच्या पाठी दिसल्या. सातुर्निनो परत आला नाही. आगापितोही टोळीबरोबर सरहद्दीपार निघून गेला.

छप्पर जळालेल्या चर्चमध्ये पहिली मिस्सा झाली तेव्हा ओलांदिना काळ्या कपड्यांत उभी राहिली आणि नेहमीसारखी प्रार्थना उचलली. ती ओळ आली आणि तिची दातखीळ बसली. गाव थांबलं. कुणाची तिच्यापुढं जायची छाती होईना. ती शांतता सोसवेना म्हणून घंटा वाजवणारा हेर्मेनेजिल्दो खोकला. त्याला आधार म्हणून शेजारचा खोकला. पुढच्या रविवारी पुन्हा तसंच. म्हातारे आमू मनानं मऊ होते, काही बोलले नाहीत. वर्ष गेलं, मग वर्षं गेली, चर्चला छप्पर आलं, छपराला गंज आला, आणि खोकला हाच मंत्र होऊन बसला.

आता ओळ गेली तर गेली, तिच्याबरोबर आणखीही काही गेलं. वेबाऊत एकदा झालेलं भांडण मिटेनासंच झालं. नातालिनो आणि त्याचा भाऊ जासिंतो यांचं एका लढाऊ कोंबड्यावरून वाजलं. कोंबडा दोघांच्यात, बोलणं बंद. तू दाणे घातलेस का, हे विचारणार कोण? दोघंही घालायचे. कोंबडा इतका माजला, की एक दिवस झुंजीला उतरवला तेव्हा बसल्या जागी घोरायला लागला.

"घोरत नव्हता तो," नातालिनो मडक्याकडं हात लांबवत म्हणतो, "दम लागला होता त्याला. आणि कोंबडा माझाच होता."

ऐकलंत? अजून माझाच होता म्हणतोय. असो.

काही वर्षांनी आगापितो बायकामुलांना घेऊन परत आला. गावच्या वडीलधाऱ्यांनी रीतीप्रमाणं चटई अंथरली, त्याला मधोमध बसवलं. टोळीबरोबर गेलो, घरं जाळायला हात लावला, असं त्यानं कबूल केलं. खाली मान घालून माफी मागितली. गावानं त्याला नदीपल्याड भुईमुगापुरती जमीन दिली. मग कुणीतरी विचारलं, "आणि सातुर्निनो? त्याला कुठं ठेवलंत?"

आगापितो म्हणाला, "ते मी तिलाच सांगेन. ती विचारील तेव्हा."

हा निरोप ओलांदिनाकडं गेला. ती चुलीतली राख काढत होती. तिनं मागं वळूनसुद्धा बघितलं नाही. "त्याच्या तोंडून माझ्या नवऱ्याचं नाव निघालेलं मला ऐकायचं नाही," म्हणाली. "आणि मी त्याला विचारू? जीभ झडली तरी नाही."

इथंच सगळं अडकलं. माती सापडल्याशिवाय पुरणं नाही, पुरल्याशिवाय काळं उतरवायची मिस्सा नाही, आणि ती मिस्सा झाल्याशिवाय बाईच्या अंगावरचं काळं उतरत नाही. दुसऱ्या घरांत वर्षभरानं काळं उतरवतात, डुक्कर कापतात, सकाळपर्यंत नाचतात, आणि मेलेल्या माणसाला निरोप देऊन मोकळे होतात. ओलांदिनाचं काळं विटायचं, ती पुन्हा रंगवायची. पोरीचं लग्न झालं तेव्हा ती खांबाआड उभी राहिली, नव्या जोडप्यावर काळी सावली पडायला नको म्हणून. दिरांनी सुचवलं, नदीतला चांगलासा दगड आणू, त्याला सातुर्निनो म्हणू, पुरू, संपवू. कितीतरी घरांनी तसं केलं होतं. ओलांदिना म्हणाली, "मी माणसाशी संसार केला. तुम्ही तुमच्या बायकांना दगड देऊन बघा, ओळखतात का नाही."

आगापितो दर रविवारी मिस्सेला यायचा, पण आत नाही. बाहेर चिंचेखाली उभा राहायचा. यायचा तोही नदीच्या उतारावरून, जिथं सगळं गाव पायी पार होतं तिथून नाही, थेट वरच्या पुलावरून, अर्ध्या दिवसाचा वळसा घालून. कारण उताराशी आजोबा असतात. नदीतल्या मगरीला आमच्यात कुणी दुसऱ्या नावानं हाक मारत नाही. आजोबा निर्दोष माणसाच्या वाटेला जात नाहीत, आणि ज्याच्या मनात काही असतं त्याला ते सोडत नाहीत. ओलांदिना उतारावरून रोज कमरेवर कपड्यांचं टोपलं घेऊन जायची, पाण्याकडं बघायचीसुद्धा नाही. आगापितोला वळसा घालताना बघून गाव म्हणायचं, बघा, स्वतःचं स्वतःला ठाऊक आहे.

म्हातारे आमू वारले आणि राजधानीतून, दिलीहून, नवे आले. आमू फिलोमेनो. पोरगेलेसे, चष्मा लावणारे, मोटारसायकलवरून पडत-पडत चालणारे. पहिल्याच रविवारी सगळं चर्च खोकलं तेव्हा त्यांना वाटलं, गावात साथ आलीय. त्यांनी दवाखान्यातल्या बाईला बोलावणं धाडलं. पण खरा उलगडा झाला तो पहिल्या ख्रिस्तप्रसादासाठी मुलांची तयारी बघताना. आमूंनी मुलांना ओळीनं बसवलं. मागं वेदीपाशी ओलांदिना झाडत होती. मुलांत तिची नात होती, झिता.

"रोजची भाकर मागितली," आमू म्हणाले. "मग पुढं?"

"मग खोकायचं, आमू," सगळी मुलं एका सुरात.

"खोकायचं?"

"हो. बारक्यांनी हळू, मोठ्यांनी जोरात."

आमूंनी चष्मा काढून पुसला. "बरं. झिता, तू सांग. कुणी आपलं वाईट केलं, तर येशूनं काय करायला सांगितलंय?"

झितानं जरा विचार केला. उत्तर पाठ असल्यासारखी ताठ उभी राहिली. "तोंड मिटायचं, आमू. आणि मेलं तरी उघडायचं नाही."

वेदीपाशी झाडू थांबला.

आमू मागं बघतील, आता रागावतील, असं ओलांदिनाला वाटलं. त्यांनी बघितलं नाही. "बस, झिता," एवढंच म्हणाले. ओलांदिनानं केर तसाच सोडला आणि घरी गेली. आपलं ओझं आपण एकटीनं वाहतोय, अशीच तिची समजूत होती. ते वाटलं गेलंय, पोरीसोरींच्या हातात गेलंय, हे तिच्या ध्यानीमनी नव्हतं.

दुपारी आमू तिच्या दारात आले.

"या, आमू. ओरडायचं असेल तर आधी कॉफी घ्या. रिकाम्या पोटी ओरडू नये."

"ओरडायला नाही आलो, तिया," आमू म्हणाले. आमच्यात मावशी-आत्या सगळ्यांना तिया. "विचारायला आलो. ती ओळ कुणी गाळली?"

"मी. बाकीच्यांना मी खोकायला सांगितलं नव्हतं, ती त्यांची अक्कल. पण मी देवाशी खोटं बोलत नाही. माफ केलं नाही, तर केलं म्हणू कशी?"

आमूंनी कॉफीतली साखर ढवळली.

"बरोबर आहे," ते म्हणाले. "खोटं म्हणण्यापेक्षा गप्प राहिलेलं बरं."

ओलांदिना दचकलीच. भांडायला ती पदर खोचून बसली होती आणि समोरचा तिच्याच बाजूनं बोलत होता. "मग झालं तर," ती म्हणाली.

"झालं. फक्त एक कळत नाही मला. त्या ओळीत त्याला माफी द्यायची आहे, तशी देवाकडं मागायचीही आहे. द्यायचं जमेना म्हणून तुम्ही मागायचंही सोडलंत. इतकी वर्षं काहीच नाही मागितलंत?"

"मी काय मागू? मी काय केलंय? केलं ते त्यानं केलं."

"ते मला कसं माहीत असणार?" आमू उठले. "कॉफी चांगली होती." आणि अंगणातून मोटारसायकल ढकलत, दोनदा पाडत, निघून गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी ओलांदिना कपड्यांचं टोपलं न घेताच उतारावर गेली. पल्याड आगापितो भुईमुगाच्या वाफ्यात वाकला होता. तिनं मनाशी ठरवलं होतं, माफी-बिफीचं नंतर बघू, आधी जागा विचारायची. जागा विचारायला कुठं मन लागतं? तोंड लागतं, बस. पोरीची पोर आपल्याकडं बघून तोंड मिटायला शिकली, तर उघडायलाही आपल्याकडं बघूनच शिकेल. एवढा एक विचार धरून ती पाण्याच्या कडेशी आली.

आणि पाण्यातून आजोबा वर आले.

हसू नका. जाडीला चर्चच्या दाराएवढे, लांबी मी मोजली नाही, पण शेपूट वळणापलीकडं होती. पाठीवर शेवाळ, शेवाळावर एक बगळा, आणि बगळाही वयस्कर. डोळे ओलांदिनावर. आगापितोनं पल्याडून बघितलं, खुरपं टाकलं आणि काठाशी आला.

ओलांदिनाला भ्यायचं काही कारण नव्हतं. हाच उतार, हीच नदी, रोजचीच वाट. आजोबा निर्दोष माणसाला काही करत नाहीत. तिनं पाऊल उचललं, आणि पाऊल जागचं हलेना.

कारण तिला एक घंटा आठवली. मागं एका पावसाळ्यात आगापितोचं धाकटं पोर तापानं गेलं होतं. चर्चची घंटा वाजली. हेर्मेनेजिल्दो तिला बोलवायला आला, चल, लेकरू आहे, लेकराचा काय दोष. ती केळी तळत बसली होती. उठली नाही. आणि नुसती उठली नाही एवढंच नाही. ती घंटा ऐकून तिला बरं वाटलं होतं. केळी चवीनं खाल्ली होती तिनं त्या दिवशी, आणखी घेऊन खाल्ली होती. ते लेकरू तिच्या आवाजाशिवाय मातीत गेलं. हे तिनं कुणाला सांगितलं नव्हतं, पापनिवेदनाच्या खुर्चीतसुद्धा नाही. खरं तर स्वतःलाही नाही.

आता समोर ते दोन डोळे होते, आणि आजोबांनी विचारलं तर काय सांगावं, हे तिला सुचेना. नदीच्या या काठावर निर्दोष आणि त्या काठावर दोषी, असं ती आजवर धरून चालली होती. आज दोन्ही काठांवर एकेक माणूस उभा होता आणि पाण्यात पाय घालायची छाती दोघांचीही होत नव्हती.

तिला माफी मागावीशी वाटली. मनापासून. पण ती मागायची तर त्या ओळीतूनच जावं लागत होतं, आणि ओळीच्या दारातच आगापितो उभा होता. त्याला ओलांडून जायला वाट नव्हती.

ओलांदिनानं डोळे मिटले आणि ती ओळ म्हटली. म्हशींच्या माना लववणारा आवाज नव्हता तो. वात संपत आलेल्या दिव्यासारखा होता, मधे एकदा तुटला, तिनं तो उचलून पुन्हा धरला. पण म्हटली. अख्खी म्हटली.

पल्याडून तिला पाण्याचा आवाज आला. डोळे उघडले तर आगापितो पाण्यात उतरला होता. पुलावरून वळसा घालणारा आगापितो, गुडघाभर, मग मांडीभर पाण्यात, सरळ आजोबांच्या जबड्याच्या दिशेनं चालत येत होता. ओलांदिनाही उतरली. आणि आजोबांनी काय करावं? दोघांकडं आळीपाळीनं बघितलं, एक लांब सुस्कारा सोडला, बगळा उडाला, आणि ते एखाद्या शहाण्या म्हाताऱ्यानं घरातल्या भांडणातून काढता पाय घ्यावा तसे बाजूला सरकले.

नदीच्या मधोमध दोघं समोरासमोर आली.

"कुठं आहे तो?" ओलांदिना म्हणाली.

"वरच्या वळणावर. वाकड्या ताडाच्या पायथ्याशी," आगापितो म्हणाला. वाक्य इतकी वर्षं तोंडात तयार ठेवल्यासारखा घाईनं म्हणाला. "गोळी मी नाही घातली. दोरी मी धरली होती. दोरी सोडता आली असती का, हे मी रोज स्वतःला विचारतो. ते पुढं गेले आणि मला फावडं देऊन म्हणाले, उरक. मी उथळ नाही खणलं, माना. डोकं चर्चच्या बाजूला केलं. माती तोंडात जायला नको म्हणून अंगातला सदरा काढून त्याच्या तोंडावर घातला. तू शिवलेला."

तो तिला माना म्हणाला. थोरली बहीण. सातुर्निनो असताना म्हणायचा तसं.

ओलांदिनानं हात उचलला आणि त्याच्या गालावर अशी ठेवून दिली, की पुलावर जाणाऱ्या ट्रकवाल्यानं आपलं टायर फुटलं समजून खाली उतरून चारी चाकं तपासली. आगापितो हलला नाही. गालावर हातही नेला नाही.

मग ती म्हणाली, "तुझ्या पोराच्या मातीला मी आले नाही."

"हं."

"घंटा ऐकली तेव्हा मला बरं वाटलं होतं."

"तुझा आवाज आला नाही तेव्हाच कळलं होतं," तो म्हणाला. "बायको म्हणाली, नसेल ऐकू गेली घंटा. मी म्हटलं, ऐकू गेलीय."

"त्याचं नाव काय होतं?"

"आदेलिनो."

तिनं नाव एकदा म्हणून बघितलं. "चल," म्हणाली, "दाखव."

वाकड्या ताडाखाली वडीलधाऱ्यांनी खणलं. सातुर्निनो तिथंच होता, डोकं चर्चकडं. सदऱ्याचं काही उरलं नव्हतं, फक्त शिंपल्याची बटणं उरली होती. ओलांदिनानं ती धुतली आणि शवपेटीत परत ठेवली. कुणीतरी म्हणालं, ठेव की आठवण म्हणून. ती म्हणाली, "आठवण पुरे झाली." रडली, ते मात्र जुन्या ओलांदिनासारखं, नदीपल्याडपर्यंत. आणि सातुर्निनोला पुरून झाल्यावर गाव पांगायला लागलं तेव्हा ती तशीच पलीकडच्या एका लहानशा क्रुसापाशी गेली, उभी राहिली आणि आदेलिनोसाठी पुरी जपमाळ म्हटली. उशिरानं म्हटली म्हणून काय झालं, सगळ्या गावानं उत्तरं दिली.

वर्षभरानं काळं उतरवायची मिस्सा झाली. तुम्हाला वाटेल, आता सगळं गोड झालं. कसलं गोड! ओलांदिनानं पिवळा जर्द झंपर घातला होता, उभी राहिली, प्रार्थना उचलली. रोजची भाकर झाली, आणि सगळं चर्च सवयीनं खोकलं. बाहेर कोंबडे आरवले. ओलांदिना एकटी पुढं निघाली, ओळीच्या मध्यावर आली, तेव्हा मागं कुणीच नाही. ती थांबली. सावकाश वळली. एवढ्या वर्षांत वेदीकडं पाठ करून उभी राहिलेली तिला कुणी पाहिलं नव्हतं.

"नातालिनो," ती म्हणाली, "खोकला आहे का तुला?"

"नाही, तिया."

"जासिंतो, तुला?"

"नाही."

"मग म्हणा. आणि एकमेकांकडं बघून म्हणा, तो कोंबडा मेला आता."

पहिल्या खेपेला नीट जमली नाही. अर्ध्यांना शब्दच आठवेनात, पोरं शेजारणीचं ऐकून ऐकून म्हणत होती. झितानं मात्र आजीच्या तोंडाकडं बघत अख्खी म्हटली. मग आमूंनी चष्मा पुसला आणि सगळ्यांना पुन्हा म्हणायला लावली. चिंचेखालून आगापितो पायरीपर्यंत आला होता. आत ये, असं ओलांदिना त्याला म्हणाली नाही. पण परत बसायला आली तेव्हा दारातल्या बाकावरची आपली पिशवी उचलून तिनं मांडीवर घेतली, आणि तेवढी जागा झाली.

अजूनही ती त्याच्या घरी कॉफी पीत नाही. एखाद्या रविवारी ती ओळ जवळ आली की तिला थांबून श्वास घ्यावा लागतो, आणि गाव तिच्यासाठी थांबतं. कुणी खोकत नाही. श्वास घेऊन झाला की ती म्हणते. कधी मोठ्यानं, कधी आमच्या मागून. पण त्या दिवशी संध्याकाळी काळ्या कपड्यांची चळत बांधून ठेवल्यावर ती जी नाचली, ती चुलीवरचं डुक्कर शिजून संपलं तरी थांबेना. जावा दमल्या, व्याही दमले, वाजवणाऱ्यांचे हात सुजले. आणि तेवढ्यात मांडवाच्या दाराशी कोण उभं? आजोबा! नदीतून चालत आलेले, अंगावरून पाणी निथळतंय, बगळा पाठीवर. आजोबा सरळ ओलांदिनापुढं आले, मागच्या दोन पायांवर उभे राहिले, पुढचा एक पंजा तिच्यापुढं धरला, आणि ती ओळ, आमच्या सगळ्यांपेक्षा स्पष्ट उच्चारात...

"खोटं!"

आम्ही आत्ता बसलोय त्या मांडवाच्या खांबामागून खुद्द ओलांदिना पुढं येते, कमरेवर हात, अंगात हिरवा झंपर. "साफ खोटं, आबिलियो! आजोबा नाचायला आले नव्हते. आणि नदीवरच्या त्या सकाळीही नव्हते. त्या दिवशी नदीत पोटरीभर पाणी होतं आणि त्यात बेडूकसुद्धा नव्हता. मी भ्याले ती माझी मलाच भ्याले. आणि मगरीनं डोळे वटारले म्हणून माफ केलं, असं गावभर सांगत सुटू नकोस. मी त्याला माझ्या पायांनी जाऊन माफ केलंय."